बाकाच्या मधली रेघ

नवापूर स्टेशनावर एक बाक आहे. त्याच्या मधोमध उभी रेघ ओढलेली. रेघेच्या एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. गाडीला वेळ असला की लोक तिथे बसून फोटो काढतात. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा त्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर वर्ष-दीड वर्षाचं लेकरू, पायाशी गोणपाटाची पिशवी, तिचं तोंड सुतळीनं बांधलेलं. फोटोसाठी आलेल्या पोरांनी तिला सरकायला सांगितलं. ती निमूट उठली आणि लेकराला खांद्यावर घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. पोरांचं आटोपल्यावर परत येऊन बसली.

विचारलं, "कुठं निघालात ताई?"

"व्याऱ्याला. आईकडे."

सासर नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर. माहेर गुजरातेत. बारावी झालेली. आश्रमशाळेतल्या कामाठीच्या जागेचा अर्ज भरायला गेली होती. जातीचा दाखला माहेरचा, म्हणजे गुजरातचा. खिडकीवरच्या माणसानं कागद उलटूनपालटून पाहिला आणि परत दिला. इथं चालत नाही, म्हणाला. "आम्ही इथलेच ना दादा," ती मला म्हणाली. मग बाकावरच्या त्या रेघेकडे तिनं एकदा पाहिलं आणि गप्प झाली.

आजचं सदर त्या दाखल्याबद्दल आहे. पण सुरुवात जरा लांबून करतो.

*

ब्रिटननं युरोपीय संघ सोडला तेव्हा आपल्याकडेही रकानेच्या रकाने भरून आले. २३ जून २०१६ ला मतदान झालं, ५२ विरुद्ध ४८ असा कौल लागला आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन बाहेर पडलं. पौंड घसरला, पंतप्रधान बदलले, लंडनच्या बँकांचं काय होणार यावर आपल्या वर्तमानपत्रांतूनही चर्चा झडल्या. मला त्या सगळ्यात दोन आकडे महत्त्वाचे वाटले आणि अजूनही वाटतात. जिब्राल्टरमधल्या शंभरातल्या ९६ मतदारांनी संघातच राहायचं म्हटलं. उत्तर आयर्लंडात जवळपास ५६ टक्के लोकांनी राहायचं म्हटलं.

जिब्राल्टरच्या दारात स्पेन आहे, उत्तर आयर्लंडच्या दारात आयर्लंड. नवी रेघ ज्यांच्या ओट्यावरून जाणार होती त्यांना ती नको होती. जिब्राल्टरमध्ये रोज हजारो माणसं स्पेनमधून कामाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांना संघ म्हणजे काय हे भाषणातून कळलेलं नव्हतं, ते रोजच्या येण्याजाण्यातून कळलेलं होतं.

हे आकडे वाचले तेव्हा मला लंडन आठवलं नाही. नवापूर आठवलं.

*

आपणही एका जोड-राज्यातून बाहेर पडलेलो आहोत. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. कच्छ, सौराष्ट्र, गुजरात, विदर्भ, मराठवाडा, सगळी मोट एकत्र बांधली गेली. १ मे १९६० ला ती सुटली.

सुटली ते बरं झालं. हे मी आधीच स्वच्छ सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. मराठी माणसाचा कारभार मराठीत व्हावा ही मागणी न्याय्य होती, त्यासाठी शंभरावर माणसांनी जीव दिला, आणि तिकडे इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात चळवळीतही तरुण पोरं गोळीबारात गेली. दोन्हीकडची मागणी खरी होती. माझी तक्रार वेगळं होण्याबद्दल नाही, वाटणीच्या रीतीबद्दल आहे.

भावांची वाटणी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. घर कुणाचं, विहीर कुणाची, मोटारीची पाळी कुणाची, यावर रात्र-रात्र बैठका बसतात, मामा-मेव्हणे बोलावले जातात. बांधावरच्या झाडाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. झाड तसंच उभं राहतं. त्याची मुळं दोन्ही वावरांत असतात आणि पुढच्या पन्नास वर्षांतली सगळी कटकट त्याच्यावरून होते.

१९६० च्या वाटणीत घर म्हणजे मुंबई होती. सगळं बळ तिच्यावर लागलं, आणि लागायलाच हवं होतं. डांगाबद्दल थोडा वाद झाला, डांग गुजरातेत गेलं. आणि बांधावर आमचा पश्चिम खानदेश उभा होता.

मुंबई पुनर्रचना कायदा, १९६०. त्याच्या पहिल्या अनुसूचीत नुसती गावांची नावं आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली गावं, पश्चिम खानदेशातल्या नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतली गावं, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली गावं. ही सगळी गुजरातला. मी ती यादी बोटानं ओळ धरून वाचलेली आहे. एकेका नावामागे एक पाडा, एक पाटील, एक गावदेवी. एकाही गावात पेटी फिरली नाही, कुणाला विचारलं गेलं नाही. निदान जिब्राल्टरच्या माणसाला आपलं मत मोजलं गेल्याचं समाधान तरी आहे.

त्यातल्या उच्छल-निझरकडच्या लोकांचं पुढचं ऐका. तापीवर उकाईचं धरण झालं, १९७२ ला ते पुरं झालं, पाणी चढलं आणि त्या भागातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. आधी राज्य बदललं, मग गावच गेलं.

जे उरले त्यांचे पत्ते बदलत राहिले. पश्चिम खानदेशाचं नाव धुळे जिल्हा झालं, पूर्व खानदेशाचं जळगाव. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. पलीकडे २ ऑक्टोबर २००७ ला सुरत जिल्ह्यातून तापी जिल्हा निघाला. म्हणजे नवापूरकडचा एखादा म्हातारा पश्चिम खानदेशात जन्मला, धुळे जिल्ह्यात शाळेत गेला आणि नंदुरबार जिल्ह्यात नातवंडं खेळवतो. त्याची उच्छलकडची बहीण पश्चिम खानदेशात जन्मली, सुरत जिल्ह्यात संसार केला आणि तापी जिल्ह्यात म्हातारी झाली. दोघांनीही आपलं शिवार सोडलेलं नाही.

स्टेशनचंही तेच झालं. रेल्वे आधीची, रेघ नंतरची. इमारतच रेघेखाली आली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. गाडीची सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. रेल्वेनं काय केलं हे नीट पाहण्यासारखं आहे. तिनं फलाट तोडला नाही. दोन स्टेशनमास्तर नेमले नाहीत. इकडच्या खिडकीवर काढलेलं तिकीट रेघेपलीकडे रद्द होत नाही. चार भाषांत बोलायचं ठरवलं आणि काम पुढे चालू ठेवलं.

जे रेल्वेला जमलं ते दोन राज्य सरकारांना आणि दिल्लीला पासष्ट वर्षांत जमलेलं नाही.

*

आता तो दाखला.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एक ओळ आहे: गामीत, गामटा, गावित, मावची, पाडवी. गुजरातची यादी उघडा. तिथे ओळ आहे: गामीत, गामटा, गावित, मावची, पाडवी. तीच पाच नावं, त्याच क्रमानं. सरकारनं स्वतःच लिहून ठेवलंय की ही माणसं एक आहेत. रेघेच्या अलीकडे मावची म्हणवतात, पलीकडे गामीत. बोली एकमेकांना कळते, सोयरीक होते, देव एक आहेत. सागबारा तालुक्यातल्या देवमोगरेला याहामोगी मातेची यात्रा महाशिवरात्रीला भरते. देऊळ गुजरातेत, आणि अक्कलकुवा-तळोदा-धडगावकडून माणसांची रीघ लागते. कुणी धान्य नेतं, कुणी कोंबडं, कुणी मोहाची. मातेपुढे नंदुरबारचा नवस आणि नर्मदा जिल्ह्याचा नवस असा भेद नाही.

मग लेक उच्छल-व्याऱ्याहून नवापूरला नांदायला आली की तिची जमात कुठे जाते?

कायदा असा आहे. घटनेच्या ३४२ व्या कलमाखाली जमातीची यादी त्या-त्या राज्यापुरती काढली जाते. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की एका राज्यातली अनुसूचित जमातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेली तर तिथल्या सवलती तिला मागता येणार नाहीत. ते प्रकरण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशाचं होतं, विद्यार्थी आंध्रातला. पुढे २०१८ मध्येही न्यायालयानं हेच धरलं. त्या वर्षीच्या एका प्रकरणात पंजाबची बाई लग्न होऊन उत्तराखंडात गेलेली होती. तिची जात दोन्ही राज्यांच्या यादीत होती. तरीही तिला नव्या राज्यात राखीव जागेचा हक्क नाकारला गेला. केंद्राच्या नोकरीत असा दाखला देशभर चालतो, पण राज्याच्या नोकरीत नाही. आणि आश्रमशाळेतली कामाठी ही राज्याची जागा.

निकालामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, मी ते धुडकावत नाही. मागासलेपण जागेशी बांधलेलं असतं. एखादी जमात आंध्रातल्या डोंगरात दबलेली असेल, म्हणून तिच्यातल्या मुंबईत वाढलेल्या मुलानं ठाणे-पालघरच्या वारली-कातकरी पोरांच्या वाट्याची जागा घेणं बरोबर नाही. मान्य. पण हे कारण नवापूरच्या सुनेला कसं लागू होतं? तिनं कुठे स्थलांतर केलंय? ती एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यातसुद्धा गेलेली नाही. तिच्या आजीची सोयरीक झाली तेव्हा दोन्ही पाडे एकाच राज्यात होते. ती कुणाच्याही वाट्याचं खात नाही. सरकारी यादीतल्या त्याच ओळीतली आहे ती. रेघ चालत तिच्या दारात आली, आणि आता कागद म्हणतो की तूच बाहेरून आलीस.

एक बारीक गोष्ट इथं सांगायला हवी. तिच्या नवऱ्याचा दाखला चालतो. तिच्या लेकराला बापाच्या दाखल्यावर दाखला मिळेल. अडतो तो फक्त तिचा. सीमेच्या दोन्ही बाजूंना लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकी अशाच मधे अडकलेल्या आहेत, नवापुरातून व्याऱ्याला गेलेल्याही. पुरुष सहसा गाव सोडत नाही, बाई सोडते, आणि रेघेचा सगळा भुर्दंड तिच्या पदरात. मोर्चा काढण्याइतक्या त्या एका गावात नाहीत. म्हणून कुणाच्या जाहीरनाम्यात त्या नाहीत.

*

ब्रिटन आणि आयर्लंड हे दोन वेगळे देश आहेत. त्यांच्यात पाचशे किलोमीटरची सीमा आहे आणि शेकडो वर्षांचं रक्त सांडलेलं आहे. तरी १९९८ च्या गुड फ्रायडे करारात त्यांनी लिहून दिलं की उत्तर आयर्लंडातल्या माणसानं स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं किंवा दोन्ही म्हणावं, आणि त्याला दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतील. ब्रिटन संघातून बाहेर पडलं तरी ते कलम कुणी काढून टाकलं नाही. तीन वर्षं त्यांची संसद त्या एका सीमेवर अडून बसली. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार मुख्यतः त्याच मुद्द्यावर तीनदा पडला आणि त्यांची खुर्ची गेली. शेवटी जकातीची तपासणी समुद्रावर ढकलली, पण जमिनीवरच्या त्या रेघेवर चौकी उभी राहू दिली नाही.

दोन देश एका माणसाला दोन नागरिकत्वं देऊ शकतात. एकाच देशातली दोन राज्यं एका बाईचा एक दाखला ओळखत नाहीत. ब्रिटनच्या गोंधळावर आपण बरीच वर्षं हसलो. त्यांच्या संसदेनं जितका वेळ आयर्लंडच्या सीमेला दिला, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकासुद्धा आपल्या विधानसभेनं नवापूरच्या सीमेला दिलेला नाही.

बेळगावासाठी आपण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहोत. लढलंच पाहिजे. पण जी सीमा फारशा भांडणाविना ठरली, जिच्यावर कुणाचा दावा नाही, तिच्यावरच्या माणसाची रोजची अडचण सोडवायला कुठलं न्यायालय आडवं येतंय?

*

आणि हे जमत नाही असंही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालवण्याचा प्रयोग सुरू झाला. देशात पहिल्या दोनच जोड्या निवडल्या होत्या. एक आंध्र-तेलंगणाची आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरातची. नंदुरबारच्या कार्डावर सुरतेत धान्य मिळू लागलं. अंगठा लावला, गहू-तांदूळ घेतला. सरकारला तेव्हा बरोबर कळलं होतं की ही दोन राज्यं एकमेकांत गुंतलेली आहेत, सुरुवात इथूनच करावी.

धान्याला जे कळलं ते दाखल्याला का कळू नये?

*

गुंतलेली म्हणजे किती, ते खानदेशातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर उभं राहून बघा. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. पिशवी घेऊन निघालेल्याला विचारा, "कथा चालना भो?" उत्तर येतं, "सुरतले." गुजरातले चालनू, असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. सुरत हे आमच्यासाठी दुसऱ्या राज्यातलं शहर नाही. जसं पुणेकराला मुंबई, तसं आम्हाला सुरत, किंबहुना त्याहून जवळ. इंग्रजांनी १८१८ ला खानदेश घेतला तेव्हापासून १९६० पर्यंत, १४२ वर्षं, धुळं आणि सुरत एकाच मुंबई इलाख्यात, एकाच मुंबई राज्यात होती. कापूस तिकडे जायचा, कापड इकडे यायचं. आता माणसं जातात. उधना, लिंबायत, पांडेसरा इथल्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते. यंत्रमागावर, साडीच्या गाळ्यात, रिक्षावर आमची माणसं आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई इकडे बसते तशी सुरतेतही बसते, रोट होतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. सुरत महापालिका आपल्या शाळांतून मराठी माध्यम चालवते. नवसारीचे खासदार आणि २०२४ पासून केंद्रात जलशक्ती खातं सांभाळणारे सी. आर. पाटील जन्माने जळगाव जिल्ह्यातले. १९५५ चा त्यांचा जन्म, म्हणजे वाटणीच्या पाच वर्षं आधीचा.

सुरतेनं खानदेशाला सामावून घेतलं. त्याबद्दल सुरतेचे आभार मानायला मला संकोच नाही. धुळ्याची सूतगिरणी, जळगावची डाळ-तेल गिरणी पोराला हात देऊ शकली नाही, तेव्हा सुरतेनं दिला.

म्हणूनच २०२० चा उन्हाळा आम्ही विसरू शकत नाही. टाळेबंदी लागली, माग थांबले आणि रेघ जागी झाली. वर्षानुवर्षं सुरतेत राबलेली माणसं एका रात्रीत परराज्यातली ठरली. सुरत-धुळे रस्त्यानं, कोंडाईबारीच्या घाटातून, डोक्यावर भांड्यांची गोणी आणि कडेवर लेकरू घेऊन कुटुंबं चालत आली. त्यांना महाराष्ट्रात शिरायला परवानगी हवी होती आणि गुजरातेतून निघायलाही. पुढच्या वर्षी, २०२१ च्या मार्च-एप्रिलात, महाराष्ट्रातून येणाऱ्याला गुजरातनं आरटीपीसीआरचा कागद सक्तीचा केला. रोगाची भीती खरी होती, तपासणी गरजेची होती, हे मान्य. पण पाड्यावरच्या माणसानं तो कागद आणायचा कुठून? ज्याचं वावर इकडे आणि मजुरी तिकडे, त्यानं दर खेपेला नाकात काडी घालून घ्यायची का, याचं उत्तर कुणी दिलं नाही. अशा दोन-चार आठवड्यांत कळतं की रेघ पुसलेली नव्हती, नुसती झाकलेली होती.

*

आणखी एक गोष्ट मुंबईत बसणाऱ्यांनी कान देऊन ऐकावी.

२०२२ च्या अखेरीस जतच्या गावांवरून कर्नाटकाशी वाद पेटला होता. त्याच दिवसांत आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या गावांनी निवेदन दिलं की आम्हाला गुजरातमध्ये घाला. कारण काय दिलं? रस्ता नाही, दवाखाना नाही, पाऊस धो-धो पडतो तरी उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, आणि पलीकडच्या गावात हे सगळं दिसतं. कुणी धावून गेलं, कुणी समजूत घातली, वर्तमानपत्रांना चार दिवस मजकूर मिळाला आणि विषय मिटला.

मला त्या निवेदनानं झोप लागली नव्हती. ज्या महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर मेली, त्या महाराष्ट्रातून आदिवासी गावं स्वतःहून बाहेर पडायची भाषा करतात, आणि भाषेसाठी नाही, अस्मितेसाठी नाही, रुग्णवाहिका यावी म्हणून. त्यांना फितूर म्हणणाऱ्यांनी आधी एकदा भर पावसाळ्यात सुरगाण्याच्या पाड्यावरून बाळंतीण डोलीत घालून खाली आणावी. सीमेवरचं गाव रोज तुलना करतं. तुमच्या-माझ्यासारखं ते एकाच सरकारच्या कामावर समाधान मानू शकत नाही, कारण दुसऱ्या सरकारचं काम त्याला अंगणातून दिसतं.

माणसं कुठलाही संघ भाषण ऐकून सोडत नाहीत. बऱ्याच दिवसांचं दुर्लक्ष साचतं, मग कुणीतरी येऊन त्याला नाव देतं. ब्रिटनमधल्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांनी बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं, तेव्हा लंडनला धक्का बसला होता. सुरगाण्याचं निवेदन आलं तेव्हा मुंबईला धक्काही बसला नाही. हे जास्त वाईट आहे.

*

बाकावरच्या त्या बाईची गाडी आली. तिनं पिशवी उचलली. मी लेकराला खिडकीतून आत दिलं. मी तिला म्हटलं की यावर लिहीन. ती म्हणाली, "लिहून दाखला मिळेल का?"

नाही मिळणार. ३४२ व्या कलमाखालच्या यादीत फेरफार करण्याचा अधिकार संसदेचा आहे. पण मागणी फार मोठी नाही. जी जमात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या यादीत आहे आणि जिच्या गावांची १९६० ला वाटणी झाली, तिच्यापुरता एका राज्याचा दाखला लगतच्या जिल्ह्यात ग्राह्य धरावा. साऱ्या देशाचा नियम बदलायची गरज नाही. नंदुरबार, तापी, नर्मदा, डांग, हवं तर पालघर आणि वलसाड, एवढ्यापुरतं. आदिवासी सल्लागार परिषद महाराष्ट्रातही आहे आणि गुजरातेतही. दोघींनी एकेक ठराव करून दिल्लीला धाडावा, सुरुवात तिथून होऊ शकते.

नवापूर हे नंदुरबार लोकसभा मतदारसंघात येतं. उच्छल, निझर आणि व्यारा बारडोली मतदारसंघात येतात. दोन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. दोन्ही खासदार एकाच सभागृहात बसतात आणि तिथे त्यांच्या बाकांमध्ये कुणी रेघ ओढलेली नाही. वाचकहो, तुम्ही यांपैकी कुठल्याही मतदारसंघातले असाल, तर पुढच्या वेळी ते मतं मागायला येतील तेव्हा रस्ता-पाण्याबरोबर हा दाखलाही मागा.